‘तोच हा’ म्हणण्याचा अधिकार : जुन्या संगणकांचा जीर्णोद्धार आणि तादात्म्याचा प्रश्न

जुने संगणक मिळवणे, ते दुरुस्त करून पुन्हा चालते करणे आणि त्यांच्यावर काम करण्यात आनंद मानणे या छंदाकडे सर्वसाधारणपणे गेलेल्या काळाच्या ओढीतून आलेला विरंगुळा म्हणून पाहिले जाते. परंतु या छंदाच्या मुळाशी असलेली कृती तितकी निरुपद्रवी नाही. कारण निकामी यंत्राचे एकामागून एक भाग काढून त्यांच्या जागी दुसरे बसवायचे आणि शेवटी ‘तोच संगणक पुन्हा सुरू झाला’ असे म्हणायचे, यात एक दावा केलेला असतो आणि त्या दाव्यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातलेला आहे. पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर ‘ही तीच’ असे जे ज्ञान होते त्याला न्यायादी दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. हे ज्ञान वस्तूच्या स्थिरतेची साक्ष देते, की केवळ साम्यामुळे होणारा भ्रम असते, हा त्या वादाचा गाभा होय. जुन्या संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न रथ, घट किंवा पट या परंपरागत दृष्टान्तांपेक्षा अधिक टोकदार होतो, कारण संगणक ही वस्तू द्रव्याइतकीच, किंबहुना द्रव्यापेक्षा अधिक, तिच्या क्रियेने ओळखली जाते.

हा प्रश्न नीट मांडायचा तर संगणक जीर्ण होतो म्हणजे नेमके काय होते, हे जवळून पाहावे लागते. इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१मध्ये बाजारात आणलेला बीबीसी मायक्रो हा संगणक त्यासाठी सोयीचा आहे, कारण १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी योजनेतून तो भारतातील अनेक शाळांत पोहोचला आणि एका पिढीने संगणक म्हणून पहिल्यांदा तोच पाहिला. २ मेगाहर्ट्झ गतीचा ६५०२ प्रोसेसर आणि, ‘बी’ या प्रकारात, ३२ किलोबाइट स्मृती असलेले हे यंत्र आज चाळीस वर्षांनंतर माळ्यावरून काढून थेट विजेला जोडले, तर ते बहुधा सुरूही होते आणि काही मिनिटांतच त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून उग्र वासाचा धूर येऊ लागतो. विजेतील खरखर गाळण्यासाठी तेथे बसवलेल्या कपॅसिटरमध्ये धातूचा अतिपातळ थर दिलेला कागद असतो. त्याच्या पारदर्शक कवचाला काळानुरूप बारीक तडे जातात, त्यांतून हवेतील ओल आत शिरते आणि विजेचा दाब येताच तो कागद आतून करपतो. मुंबई किंवा कोकणासारख्या दमट हवेत ही ओल लवकर मुरते, हे वेगळे सांगायला नको. नंतरच्या काळातील अनेक यंत्रांत तर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमचा छोटा सेल मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेला असे. तो फुटला की त्यातील अल्कधर्मी द्रव बोर्डावर पसरतो, तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला आधी व्हिनेगरने तो क्षार मारून मग केसाएवढ्या तारेने एकेक रेषा सांधावी लागते. बाहेरचे राखाडी किंवा मोतिया प्लास्टिक पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण यांच्या साह्याने ते उजळता येते, पण काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो.

या सगळ्या नाशात एक तरी भाग स्थिर राहत असेल आणि त्यालाच यंत्राचे सत्त्व म्हणता येईल, अशी आशा साहजिकच वाटते. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीत अधिक आषाढ येणाऱ्या ठरावीक वर्षी, अलीकडे २०१५मध्ये, देवतांच्या काष्ठमूर्ती पूर्णपणे नव्या घडवल्या जातात. तरी जुन्या मूर्तीतील ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत स्थापन केला जात असल्यामुळे देव तोच राहतो, अशी श्रद्धा आहे. संगणकातील असा ब्रह्मपदार्थ म्हणून मूळ आज्ञावली साठवणाऱ्या चिपकडे बोट दाखवता येईल. परंतु ज्या यंत्रांत ही आज्ञावली ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असते तेथे ती काही कोरलेली नसते. सिलिकॉनमधील लहानशा बेटांवर अडकवून ठेवलेल्या विद्युत्भाराच्या रूपात ती असते आणि तो भार दशकांच्या हिशेबाने हळूहळू झिरपत राहतो. म्हणूनच जाणकार मंडळी यंत्र हाती येताच या चिपमधील मजकूर वाचून त्याची प्रत करून ठेवतात आणि गरज पडल्यास तोच मजकूर नव्या चिपमध्ये भरतात. ज्याला सत्त्व मानावे तेही अशा रीतीने बदलले जाते आणि त्यानंतर यंत्राला वीज दिली की तोच दोन सुरांचा आवाज येतो, पडद्यावर यंत्राचे नाव, स्मृतीचा आकडा आणि खाली आज्ञेची वाट पाहणारी खूण उमटते. पाहणारा म्हणतो, ‘तोच हा.’

या उद्गाराची सर्वांत प्रसिद्ध तपासणी मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात आहे. त्यात यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनांडर, ज्या रथातून आला त्या रथाविषयीच भिक्षू नागसेन त्याला विचारतो की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि राजाने प्रत्येक वेळी नकार दिल्यावर तो दाखवून देतो की ‘रथ’ हे या भागांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त आहे : पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नव्हेत, पण एका दिव्याची ज्योत संपून दुसऱ्याची लागली असेही नव्हे. एका क्षणातून दुसरा क्षण उपजत जाणाऱ्या या अखंड मालिकेला बौद्ध परिभाषेत संतान म्हणतात. या मताने पाहिल्यास दुरुस्त केलेला संगणक ‘तोच’ नाही आणि ‘दुसरा’ही नाही, तो जुन्याच्या संतानातील पुढचा क्षण आहे.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांच्या संयोगातून ‘अवयवी’ नावाचे एक वेगळे द्रव्य खरोखर उत्पन्न होते, आणि ते आपल्या अवयवांत समवाय या नित्य संबंधाने राहते. पट म्हणजे केवळ तंतूंचा ढीग नव्हे. ही भूमिका वस्तूच्या बाजूने उभी राहणारी वाटते, आणि म्हणून छंदिष्टाला ती जवळची वाटेल; पण तिचा निष्कर्ष कठोर आहे. एक तंतू जरी काढला तरी पूर्वीचा पट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंपासून नवा ‘खंडपट’ उत्पन्न होतो, असे हे दर्शन सांगते. या हिशेबाने एक कपॅसिटर बदलताच पूर्वीचा संगणक संपला. मग ‘तोच हा’ या ज्ञानाचे काय करायचे, यावर नैयायिकांचे एक उत्तर औषधाच्या उदाहरणातून मिळते : ‘तेच औषध पुन्हा घेतले’ असे रोगी म्हणतो तेव्हा कालची मात्रा आज परत आलेली नसते, औषध त्याच जातीचे असते. बौद्ध त्यापुढे जाऊन म्हणतात की कापल्यानंतर पुन्हा उगवलेल्या केसांना आणि नखांनाही माणूस ‘तेच’ म्हणतो, तेव्हा प्रत्यभिज्ञेवर विसंबणेच चुकीचे. परस्परविरोधी असलेली ही दोन्ही दर्शने एका मुद्द्यावर जवळ येतात : भाग बदललेल्या वस्तूविषयीचे ‘तोच’ हे विधान अक्षरशः खरे नसते, ते कशावर तरी आधारलेले असते आणि तो आधार कोणता हे सांगण्याची जबाबदारी विधान करणाऱ्यावर येते.

हा आधार किती प्रकारचा असू शकतो हे इंग्लंडमधील ब्लेचली पार्कच्या आवारातील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात एकाच छपराखाली पाहायला मिळते. तेथील हार्वेल डेकाट्रॉन हा संगणक १९५१मध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात कामाला लागला, १९५७मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयात शिकवण्यासाठी गेला आणि १९७३मध्ये निवृत्त झाला. पुढे अनेक वर्षे गोदामात पडून राहिलेले हे अडीच टनांचे यंत्र २००९ ते २०१२ या काळात दुरुस्त झाले आणि २० नोव्हेंबर २०१२ रोजी पुन्हा सुरू करण्यात आले. त्याची स्मृती डेकाट्रॉन नावाच्या वायुभरित नळ्यांची आहे. प्रत्येक नळीत दहा स्थाने असतात आणि नारिंगी प्रकाशाचा ठिपका अंकागणिक एकेक स्थान पुढे सरकतो, त्यामुळे यंत्राच्या मनात आकडा फिरताना पाहणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो. एका गुणाकाराला त्याला काही सेकंद लागतात. येथे द्रव्य बहुतांशी मूळचे आहे, म्हणून ‘तोच हा’ म्हणायला सर्वांत भक्कम आधार आहे, जरी मधली चार दशके क्रिया खंडित होती.

त्याच संग्रहालयातील कोलोसस याची स्थिती उलट आहे. टॉमी फ्लॉवर्स यांनी रचलेले हे यंत्र १९४४मध्ये जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी वापरात आले, आणि युद्धानंतर अशी बहुतेक यंत्रे मोडून त्यांचे आराखडे जाळून टाकण्यात आले. टोनी सेल यांनी १९९३मध्ये पुनर्बांधणी हाती घेतली तेव्हा साधन म्हणून १९४५मधील काही छायाचित्रे, काही अभियंत्यांनी स्वतःजवळ राखून ठेवलेली परिपथांची तुटक चित्रे आणि म्हाताऱ्या झालेल्या निर्मात्यांच्या आठवणी एवढेच उपलब्ध होते. २००७मध्ये ते काम पूर्णत्वाला गेले. येथे संतान द्रव्यात नव्हे तर माणसांच्या स्मरणात वाहिले. केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला आणि ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालवणारा एडसॅक हा तिसरा प्रकार होय. त्याच्या प्रतिकृतीत स्मृतीसाठी मूळच्या पाऱ्याच्या नळ्या वापरलेल्या नाहीत. ध्वनिलहरी पाऱ्यातून जाण्याऐवजी निकेलच्या तारेतून जातात, कारण एवढा पारा खोलीत ठेवणे धोक्याचे आहे. मूळ यंत्राची रीत राखली, द्रव्य मात्र जाणूनबुजून बदलले आणि तसे उघडपणे सांगितले, अशी ही स्थिती आहे.

या क्रमाचे शेवटचे टोक म्हणजे इम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाचे वर्तन हुबेहूब करून दाखवणारी, आजच्या संगणकावर चालणारी आज्ञावली. तिच्यात मूळचे द्रव्य शून्य असते, तरी त्या काळचा खेळ किंवा कार्यक्रम तिच्यावर पूर्वीसारखाच चालतो. त्यामुळे काही जण म्हणतात की यंत्र हा देह आणि आज्ञावली हा आत्मा. जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करावे तसा हा आत्मा नव्या यंत्रात प्रवेश करतो. ही उपमा आकर्षक असली तरी वेदान्ताच्या दृष्टीने ती टिकत नाही. आत्म्याची प्रत काढता येत नाही, आणि तो दोन देहांत एकाच वेळी दोन होऊन नांदत नाही. आज्ञावलीच्या मात्र हजार प्रती एकाच क्षणी हजार ठिकाणी चालू शकतात. शिवाय आत्मा साक्षी आहे, तर आज्ञावली ही केवळ करण्याच्या कामांची क्रमवार मांडणी. ज्याची मांडणी करता येते आणि जे पाहिले जाते ते दृश्य असते, द्रष्टा नव्हे, या अद्वैताच्या कसोटीला लावले तर आज्ञावली आणि चिप दोन्ही देहाच्याच बाजूला पडतात. इम्युलेटरला म्हणून पुनर्जन्म म्हणण्यापेक्षा नाट्यातील अनुकार म्हणणे अधिक रास्त आहे. नट रामाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षकाला रसाचा प्रत्यय खराच येतो, परंतु नट राम झाला असे कोणी म्हणत नाही, आणि त्यामुळे नाट्याचे मोल कमीही होत नाही.

आज्ञावली आणि तिचे द्रव्य यांचे नाते किती नाजूक असते याचा दाखला मराठीच्या अलीकडच्या इतिहासातच सापडतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून डॉस प्रणालीच्या संगणकांवर देवनागरी दिसावी म्हणून कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड यंत्रात बसवले जाई, आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली १९९१मध्ये प्रमाणित झाली. त्याच सुमारास छपाईच्या व्यवसायात प्रत्येक विक्रेत्याच्या फॉन्टची स्वतंत्र संकेतरचना रूढ झाली. तीत अक्षर उच्चाराच्या क्रमाने नव्हे तर दिसण्याच्या क्रमाने साठवले जाई, म्हणजे ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. अशी एखादी फाइल आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन सडा दिसतो, जरी तिच्यातील एकही बिट बदललेला नसतो. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मीमांसक मानतात, तर तो संकेताने ठरलेला आहे असे नैयायिक म्हणतात. या फाइलपुरता तरी निर्णय नैयायिकांच्या बाजूने लागतो, कारण संकेत जाणणारे यंत्र नाहीसे होताच अक्षरे शिल्लक राहून अर्थ निघून जातो. जुना संगणक चालता ठेवण्याचा एक गंभीर हेतू येथे दिसतो : तो केवळ वस्तू नसून त्याच्या काळच्या संकेतांचा जिवंत जाणकार असतो.

मग ‘तोच हा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर जीर्णोद्धार या धार्मिक संकल्पनेत शोधणे उपयोगी ठरते. मंदिर किंवा मूर्ती भग्न झाल्यावर काय करावे याचा विधी अग्निपुराणासारख्या ग्रंथांत आणि आगमांत सांगितलेला आहे. त्याचा आशय असा की देवतेची कला आधी कलशात किंवा तात्पुरत्या स्थानी आवाहन करून ठेवायची, मग काम करायचे आणि काम झाल्यावर तिची पुन्हा प्रतिष्ठा करायची. या विधीचा तात्त्विक अर्थ असा की बदल गुपचूप होत नाही. कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत देव येथे नव्हता, काय काढले आणि काय बसवले, हे सर्वांसमक्ष जाहीर होते. सातत्य द्रव्याने नव्हे, तर खंडाची कबुली देणाऱ्या कृतीने राखले जाते. वास्तुजतनाच्या आधुनिक विचारात १९६४च्या व्हेनिस सनदेने हाच विवेक वेगळ्या भाषेत सांगितला : जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू आला पाहिजे.

हाच विवेक दुरुस्तीच्या टेबलावर लागू केला की छंदाचे नीतिशास्त्र तयार होते. जुन्या कपॅसिटरचे पोकळ कवच ठेवून त्याच्या आत नवा लपवणे डोळ्यांना सुखावते, पण ते नोंदीशिवाय केले तर पुढच्या माणसाची फसवणूक होते. दोन बंद यंत्रांचे भाग मिळवून एक चालू करणे बहुधा अपरिहार्य असते; परंतु ज्याचे भाग काढले तेही कोणाच्या तरी संतानाचे होते, हे विसरले गेले तर जीर्णोद्धार आणि मोडतोड यांत फरक उरत नाही. यंत्र चालवावे की काचेआड ठेवावे हा प्रश्नही येथेच येतो. चालवले की ते झिजते, हे खरे. परंतु क्रिया हेच ज्याचे रूप आहे ते कधीच न चालवणे म्हणजे भाग जपून वस्तू गमावणे होय. येथे मधला मार्ग म्हणजे चालवण्याचे प्रसंग मोजके ठेवून प्रत्येक झीज लिहून ठेवणे हाच दिसतो, कारण नोंदवलेली झीज वस्तूच्या इतिहासात जमा होते, न नोंदवलेली मात्र नुसतीच हरवते.

उरतो प्रश्न संग्रहाचा. अपरिग्रह सांगणाऱ्या परंपरेत खोलीभर जुनी यंत्रे जमवणे कसे समर्थनीय ठरते, असे विचारता येईल. जैन विचारात परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येत नव्हे, तर वस्तूविषयीच्या मूर्च्छेत, म्हणजे ‘हे माझे’ या गुंगीत, मानलेले आहे. आणि ही कसोटी छंदिष्टाला सोडत नाही. किंमत वाढेल म्हणून खोके न उघडता ठेवणारा आणि दुर्मीळ सुटा भाग गरजूला न देता दडवणारा या मूर्च्छेतच असतो. उलट, ३२ किलोबाइटच्या यंत्रात एक वेगळा आनंद शक्य असतो : त्याचे परिपथाचे चित्र एका टेबलावर मावते आणि कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत काय काय घडते हे एका माणसाला चिकाटीने, साकल्याने समजू शकते. आजचे यंत्र कोणाही एका व्यक्तीला असे पूर्ण कळत नाही. हा आनंद वस्तू बाळगण्याचा नसून जाणण्याचा असतो आणि दुसऱ्याला दिल्याने तो कमी होत नाही.

सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने थीसिअसच्या जहाजाच्या ग्रीक कोड्यात, म्हणजे एकेक फळी बदलत गेलेले जहाज तेच राहते का या प्रश्नात, एक भर घातली : बदललेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभारले, तर खरे कोणते? काळजीपूर्वक काम करणारे काही जण यंत्रातून काढलेले फुटके कपॅसिटर, गंजलेला सेल आणि जुनी चिप फेकून देत नाहीत. ते सर्व लहान पिशवीत भरून, काढल्याची तारीख आणि बोर्डावरील जागा लिहिलेल्या चिठ्ठीसह त्याच यंत्राच्या खोक्यात ठेवतात. त्या पिशवीमुळे हॉब्जचे कोडे सुटत नाही, पण ते लपवलेही जात नाही. यंत्र पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला काय तेच आहे आणि काय नाही हे दोन्ही एकाच खोक्यात सापडते, आणि त्यानंतर त्याने ‘तोच हा’ म्हटले तर ते जाणून म्हटलेले असते.